बाजारबुणग्यांची हजेरी

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. सनावळ्या तेवढ्या नीट करून घेतल्या.)



आज बोलायचंय ते या तसबिरीबद्दल. मागच्यांना दिसत नसेल तर हातोहात फिरवा, काच आहे, सांभाळून. जुन्या बाजारात असला माल ढिगाने पडलेला असतो. साहेब गेला, साहेबाचा बंगला दुसऱ्याच्या नावावर झाला, भिंतीवरची चित्रं भंगारात आली. फ्रेमच्या लाकडासाठी घेणारे घेतात. आपण चित्रासाठी घेतली.

चित्रात काय आहे बघा. उजाड माळ. मागे डोंगर. मधोमध एक घोडा, मान टाकलेला, पुढचं पाऊल पडेल की नाही अशी दशा. त्याच्यावर एक गोरा माणूस, निम्मा मेलेला, खोगिराला धरून कसाबसा टिकलेला. बाजूला किल्ला, आणि त्याला बघून किल्ल्यातून धावत सुटलेले स्वार. बस. बाकी सगळा माळ मोकळा.

मूळ चित्र लेडी बटलर या इंग्रज बाईने 1879 साली काढलं. नाव दिलं 'फौजेचे अवशेष'. घोड्यावरचा माणूस म्हणजे डॉक्टर विल्यम ब्रायडन, कंपनीच्या बंगाल फौजेतला सहाय्यक सर्जन. तारीख 13 जानेवारी 1842, जागा अफगाणिस्तानातलं जलालाबाद. पुढे या चित्राच्या छापील प्रती निघाल्या आणि काचेआड बसून घरोघर टांगल्या गेल्या. गोष्ट अशी सांगतात की काबूलहून अख्खी फौज निघाली, सगळी कापली गेली, आणि एकटा हा डॉक्टर पोचला. किल्ल्यातल्यांनी विचारलं, फौज कुठाय? हा म्हणाला, मीच फौज. असं तो खरोखर म्हणाला असेल याला काही आधार नाही, पण दंतकथेला आधार लागतो कशाला? ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला की काम झालं.

आता हिशेब बघा. 6 जानेवारी 1842 ला काबूलच्या छावणीतून जी माणसं बाहेर पडली ती सुमारे साडेसोळा हजार. त्यांत शिपाई साडेचार हजार. त्या साडेचार हजारांत गोरे सातशेच्या आसपास. आणि उरलेले बारा हजार? त्यांच्यासाठी इंग्रजीत शब्द आहे, छावणीच्या मागून चालणारे. मराठीत त्याहून झणझणीत शब्द आहे, बाजारबुणगे.

हा शब्द तुम्ही शाळेत ऐकलाय. पानिपतच्या धड्यात. 14 जानेवारी 1761 ला मराठे का हरले? तर बरोबर बाजारबुणगे फार होते. मास्तर सांगतात आणि आपण मान डोलावतो. म्हणजे भाऊचा हट्ट, होळकर-शिंद्यांची भांडणं, रसदीचा बोजवारा हे सगळं असतंच, पण पोट असलेला बिनहत्यारी माणूस हा पराभवाचा धनी. जिंकले असते तर त्याच धड्यात बुणग्यांचा उल्लेख तरी आला असता का? शब्दाची आणखी मजा बघा. आज कुणाला शिवी द्यायची, फालतू गर्दी म्हणायचं, तर म्हणतात 'हे काय बाजारबुणगे गोळा केलेत'. काम करणाऱ्याच्या नावाची शिवी करायची ही आपल्या भाषेची जुनी खोड, तुम्हाला मी नव्याने सांगायला नको.

तर हे बारा हजार कोण? पखालीतून पाणी घालणारे भिस्ती. आजाऱ्याला आणि जखमीला खांद्यावरून नेणारे डोलीवाले. घोड्याचे मोतद्दार. रोज मैलोन् मैल जाऊन गवत कापून आणणारे. आचारी, धोबी, लोहार, चामड्याचं काम करणारे, उंटवाले, किराणा विकणारे. साहेबाचा संडास साफ करणारा मेहतर. यांच्या बायका. यांची पोरं. बहुतेक गंगेच्या खोऱ्यातले, आणि यातली बरीच कामं अशी की ती कुठल्या जातीने करायची ते काबूलला निघायच्या हजार वर्षं आधीच ठरून गेलेलं. छावणी हे चालतं-फिरतं गाव होतं. गाव आलं की गावकूस आलं. एका गोऱ्या अधिकाऱ्यामागे चाकरांची रांग लागायची, कारण साहेब लढाईला निघाला तरी त्याचं जेवणाचं टेबल त्याच्याबरोबर निघायचं.

हे सगळे काबूलात काय करत होते? लाट साहेबाला रशियाची भीती वाटली. म्हणून 1839 मध्ये फौज घालून काबूलच्या गादीवरून दोस्त मोहम्मदला हाकललं आणि शाह शुजाला बसवलं. अफगाणांनी त्याला मागितलं नव्हतं. दोन वर्षं साहेब काबूलात क्रिकेट खेळला, बर्फावर घसरगुंडी खेळला, आणि खर्च जड व्हायला लागला तेव्हा खिंडीतल्या गिलझाई टोळ्यांना द्यायची रक्कम कापली. नोव्हेंबर 1841 मध्ये शहर उठलं. बर्न्स मारला गेला, डिसेंबरात मॅकनॉटन मारला गेला. मग म्हातारा, आजारी सेनापती एल्फिन्स्टन याने परत जायचा करार केला, तोही ऐन जानेवारीत.

इथे मी तुम्हाला एक अडचणीची गोष्ट सांगणार आहे. आपल्याला सोयीचं असतं की भिस्ती आणि मेहतर गरीब, म्हणून ते आपले, म्हणून ते निष्पाप. गरीब होते, आपले होते. पण ते दुसऱ्याचा देश तुडवायला गेलेल्या फौजेचं पाणी भरत होते. अफगाणाच्या बाजूने बघा, त्याने काय बघायचं, हा पखालवाला आणि हा बंदूकवाला? खिंडीतून गोळी सुटली ती जात विचारून सुटली नाही. पोटासाठी साम्राज्याच्या गाडीला जुंपलेला माणूस गाडीखालीही तोच येतो. हे आपल्याला पचवावं लागेल. नाहीतर आपणही एक तसबीर बनवू, आपल्या माणसांना मधोमध बसवून, आणि अफगाणांना डोंगरात लपलेली भुतं करून.

आता ती वाट. काबूल ते जलालाबाद सुमारे नव्वद मैल. गुडघाभर बर्फ. पहिल्या दिवशी पाच-सहा मैल सुद्धा धड झाले नाहीत. निघण्याआधी पॉटिंजर नावाच्या एका अधिकाऱ्याने सुचवलं होतं की घोड्यांच्या जुन्या झुली फाडा आणि त्यांच्या पट्ट्या शिपायांच्या पायांना गुंडाळा, अफगाण तसंच करतात. ऐकलं नाही कुणी. झुली, मित्रांनो. घोड्याच्या झुली. त्या फाडल्या असत्या तर किती पाय वाचले असते! पहिल्याच रात्री उघड्यावर झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत. शिपायांच्या पायाची ही कथा, तर भिस्त्याच्या पायात काय असेल? पखालीतलं पाणीच दगड झालेलं.

8 जानेवारीला खुर्द काबूलची खिंड. लेडी सेल नावाच्या ब्रिगेडियरच्या बायकोने रोजनिशी ठेवली होती, ती 1843 मध्ये छापून आली. तिच्या अंदाजाने त्या एका खिंडीत पाचशे शिपाई पडले आणि अडीच हजार बुणगे. एकाला पाच. दुसऱ्या दिवशी अकबर खानाशी बोलणी झाली आणि गोऱ्या बायका, त्यांची पोरं आणि लग्न झालेले अधिकारी त्याच्या ताब्यात दिले. ते ओलीस राहिले, हाल झाले, पण बहुतेक सगळे जगले. शिपायांच्या आणि चाकरांच्या बायकापोरांसाठी बोलणी झाली नाहीत. त्यांना कुणी ओलीस म्हणून सुद्धा मागितलं नाही! शत्रूच्या लेखी किंमत असायलाही तुमच्याच बाजूने तुमची काहीतरी किंमत धरलेली असावी लागते.

ब्रायडन कसा वाचला? दोन गोष्टींनी. एक, त्याच्या डोक्यावर सुरा बसला, पण टोपीत त्याने एका मासिकाचा अंक कोंबून ठेवला होता, त्यावर वार निभावला. (अंक जाड असण्याचे फायदे. आपल्या अंकाच्या बत्तीस पानांनी कुणाचं डोकं वाचेल असं वाटत नाही.) आणि दुसरी, त्याचा घोडा गेला तेव्हा छातीत गोळी बसलेला एक हिंदी घोडेस्वार त्याला भेटला. मी मरतोय, माझं तट्टू तुम्ही घ्या, म्हणाला आणि मेला. हे खुद्द ब्रायडनच्या हकिकतीतलं आहे. त्या स्वाराचं नाव गोष्टीत कुठेच येत नाही. तसबिरीत डॉक्टर आहे, घोडा आहे. घोडा देणारा नाही.

आणि 'एकटा वाचला' हे तर धडधडीत खोटं आहे. जलालाबादच्या वेशीवर त्यानंतर काही रात्री दिवे टांगले, बिगुल वाजवले, कुणी अंधारात चुकलं असेल तर यावं म्हणून. एक ग्रीक व्यापारी आला आणि मेला. काही हिंदी शिपाई आले. शंभरावर गोरे ओलीस होते ते पुढे सुटले. आणि अंदाजे दोन हजार हिंदी माणसं बर्फाने बोटं, हात, पाय झडलेल्या अवस्थेत उलटी काबूलकडे सरपटत गेली. तिथे काहींनी भीक मागितली, काहींना गुलाम म्हणून विकलं. सप्टेंबर 1842 मध्ये इंग्रज सूड घ्यायला परत काबूलात आले, बाजार जाळला, तेव्हा त्यांना रस्त्यात ही माणसं दिसली. हिंदुस्थानी बोलणारी, हात पुढे करणारी, हाताला पंजा नसलेली. काहींना परत आणलं. काही तिथेच राहिली.

परत आले त्यांचं काय झालं? बंगाल फौजेत तेव्हा ब्राह्मण-रजपुतांचा भरणा. सिंधू ओलांडली, मुसलमानाच्या घरचं खाल्लं, म्हणून घरच्यांनीच त्यांना पंगतीबाहेर बसवल्याच्या हकिकती आहेत. काय देश आहे! माणूस मरणाच्या दाढेतून येतो आणि त्याला विचारतात, कुणाच्या हातचं खाल्लंस. त्यांची जात गेली म्हणून इतिहासात दोन ओळी तरी मिळाल्या. मेहतराला तेवढंही नाही, त्याची कुठली जात जाणार होती?

चित्र काढणाऱ्या बाईबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. आपण चटकन शिवी देतो, इथे देता येत नाही. लेडी बटलरने सेनापतींचे विजय रंगवले नाहीत, तिने दमलेले, जखमी, साधे सैनिक रंगवले. पुढे 1890 मध्ये तिने घरातून हाकललेल्या आयरिश बाईचं चित्र काढलं, ते विलायतेच्या सरकारला आवडण्यासारखं नव्हतं. तिचं नाव झालं ते 1874 च्या 'हजेरी' या चित्राने. क्रिमियाची लढाई संपली आहे, बर्फात गोऱ्या सैनिकांची रांग उभी आहे, हवालदार नावं पुकारतोय, कोण उरलं ते मोजतोय. राणीने ते विकत घेतलं. म्हणजे हजेरी काय असते, एकेका नावाला हाक मारणं काय असतं हे या बाईला माहीत होतं, आणि तरी अफगाणिस्तानच्या माळावर ती आली तेव्हा तिला एकच माणूस दिसला. बाई दुष्ट असती तर सोपं झालं असतं. ती भली होती, आणि भल्या माणसालाही जे दिसत नाही तिथेच व्यवस्था मुरलेली असते.

तारखेकडे परत या. लढाई 1842 ची, चित्र 1879 चं. मधे सदतीस वर्षं. एवढ्या उशिरा का? कारण 1878 ला इंग्रज पुन्हा अफगाणिस्तानात घुसले होते. जुन्या जखमेचं चित्र नव्या लढाईच्या वेळी भिंतीवर चढलं. बघणाऱ्याने त्यात इशारा वाचला की सूड, ते ज्याचं त्याने ठरवलं. आणि या दुसऱ्या लढाईपासून गोष्ट आपल्या घरात येते.

27 जुलै 1880, मैवंद. या वेळी मैदानात मुंबईची फौज होती, बाँबे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स आणि त्यांच्याबरोबर 66 वी गोरी पलटण. दारुण पराभव, जवळपास हजार माणूस पडलं. या लढाईच्याही तसबिरी निघाल्या. एकीत गोऱ्या पलटणीचे शेवटचे अकरा, पाठीला पाठ लावून उभे. त्यांच्यात एक कुत्रा. कुत्र्याचं नाव बॉबी. हा बॉबी जगला, विलायतेला गेला, 1881 मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याच्या गळ्यात अफगाण मोहिमेचं पदक बांधलं, आणि मेल्यावर त्यात पेंढा भरून ठेवला. तो अजून तिकडच्या म्युझियममध्ये उभा आहे, पदकासकट. कुत्र्याशी माझं काही वैर नाही. पण कुत्र्याचं नाव मला तोंडपाठ होतं, आणि त्याच वाटेवर जखमी उचलणाऱ्या एका डोलीवाल्याचं नाव मला माहीत नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही.

मैवंदचं खापर मुंबईच्या शिपायांवर फुटलं. आणि कंदाहारला जाऊन बदला घेतला तो जनरल रॉबर्ट्सने. हा रॉबर्ट्स 1885 ते 1893 हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचं ठाम मत, लढाऊ जाती उत्तरेकडच्या. दक्षिणेकडचा, मुंबईकडचा माणूस लढाऊ नाही. याच वर्षांत, 1892 च्या सुमारास, फौजेची दारं महारांना बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी 1894 मध्ये सरकारला द्यायला अर्ज लिहिला. आम्ही लढलो, आम्हाला परत घ्या. पुरावा काय, तर आमची नावं.

त्या नावांपैकी काही कोरेगावच्या खांबावर आहेत. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. तो खांब कंपनीने कंपनीच्या मोठेपणासाठी उभारला, आपल्यासाठी नाही, हे मला माहीत आहे. तरी 1927 च्या 1 जानेवारीला बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहिले, कारण दगडात नाव होतं. नाव असलं की नातवाला येऊन बोट ठेवता येतं. नाव नसेल तर कशावर ठेवणार?

तुम्ही मुंबईचे. कुलाब्याला नेव्हीनगरच्या वाटेवर उंच मनोऱ्याचं चर्च आहे, लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. 1858 मध्ये उघडलं. सिंध आणि अफगाणिस्तानच्या 1838 ते 1843 च्या मोहिमांत मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलेलं. आत शिलालेख आहे. अधिकाऱ्यांची नावं लिहिली आहेत, आणि खाली म्हटलंय की हवालदार, शिपाई वगैरे जे तलवारीने आणि रोगाने मेले ते इतके जास्त होते की त्यांची नावं अशी लिहिता येत नाहीत. म्हणजे तुम्ही थोडे मेलात तर नाव, फार मेलात तर जागा नाही! आणि यात बुणगे धरलेलेच नाहीत हं. 'इतके जास्त' मध्येसुद्धा ते येत नाहीत.

कुणी म्हणेल, ही दीडशे वर्षांपूर्वीची मढी आता का उकरता? उकरतो, कारण कारकून तोच आहे. 2021 साली केंद्र सरकारने राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की हाताने मैला साफ करण्याच्या कामामुळे गेल्या पाच वर्षांत कुणी मेल्याची नोंद नाही. मग गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेले ते? ते 'धोकादायक सफाई' या वेगळ्या रकान्यात. कायदा 2013 चा, व्याख्या कायद्याची, रकाना कायद्याचा. माणूस मेला खरा, पण या रकान्यात मेला नाही. लेडी बटलरला रंग लागले, यांचं काम फुटपट्टीने ओढलेल्या एका रेघेवर भागतं.

आता कामाचं. ज्यांच्या घरात कुणी आजा-पणजा फौजेत होता, लढणारा असो नाहीतर डोली उचलणारा, त्यांनी ट्रंका उघडा. पेन्शनीचे कागद, फाटकं हजेरीपुस्तक, काय असेल ते. पदक असेल तर आधी धातू बघा. 1885 ते 87 च्या बर्मा मोहिमेपासून हिशेब असा होता, शिपायाला चांदीचं पदक आणि बुणग्याला तेच पदक ब्राँझचं. चांदीची बहुतेक मोडून खाल्ली गेली. ब्राँझला सोनाराकडे भाव नसतो, त्यामुळे तीच कुठेतरी तांदळाच्या डब्यात, पोरांच्या खेळण्यात राहिली असतील. त्यांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, बहुधा नाव आणि काम. भिंग लावून, उजेडात धरून वाचावं लागतं. घासून चकाकी आणायला जाऊ नका, अक्षरं जातील. जे वाचता येईल ते वहीत उतरवा आणि पुढच्या रविवारी घेऊन या.